फ्लॅटमालकाने घराचा विमा कसा घ्यावा: सोसायटीची पॉलिसी आणि आपली पॉलिसी

फ्लॅट विकत घेताना आपण करारनामा, मुद्रांक शुल्क, भोगवटा प्रमाणपत्र आणि गृहकर्जाची कागदपत्रे डोळ्यांत तेल घालून तपासतो. मात्र त्याच फ्लॅटच्या विम्याविषयी विचारले, तर "सोसायटीचा विमा आहे" किंवा "बँकेने कर्ज देताना काढला होता" यांपैकी एक उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. ही दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा अर्धवट असतात. सोसायटीची पॉलिसी इमारतीसाठी असते, त्या इमारतीत आपण मांडलेल्या संसारासाठी नसते. बँकेने कर्जासोबत दिलेली पॉलिसी पुष्कळदा घराची नसून कर्जदाराच्या आयुष्याची असते. कर्जदाराचे निधन झाल्यास ती कर्ज फेडते, पण स्वयंपाकघराला आग लागली तर तिचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून फ्लॅटमालकाने कोणतीही नवी पॉलिसी घेण्यापूर्वी सोसायटीचे संरक्षण कुठे संपते आणि आपली जबाबदारी कुठे सुरू होते, ही हद्द कागदपत्रे समोर ठेवून आखून घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील इमारतींच्या बाबतीत हे काम कसे करावे, ते येथे मांडले आहे.

आधी इमारतीचे कायदेशीर स्वरूप पाहावे

महाराष्ट्रात फ्लॅटची मालकी मुख्यतः दोन चौकटींत येते. पहिली चौकट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची, म्हणजे आपण जिला रोजच्या बोलण्यात सोसायटी म्हणतो तिची. दुसरी चौकट महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० नुसार झालेल्या अपार्टमेंटची किंवा कॉन्डोमिनियमची. पुण्यात अशा इमारती बऱ्याच आहेत. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची असते व सभासदाकडे भागप्रमाणपत्र आणि फ्लॅटचा हक्क असतो. अपार्टमेंटमध्ये मात्र प्रत्येक मालकाकडे आपल्या अपार्टमेंटची थेट मालकी आणि सामाईक क्षेत्रात, अपार्टमेंटच्या घोषणापत्रात (डिक्लरेशनमध्ये) ठरवून दिलेल्या टक्केवारीचा अविभक्त हिस्सा असतो.

विम्याच्या दृष्टीने हा फरक केवळ कागदोपत्री नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये (कारभाराच्या नमुना नियमांमध्ये) इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा उतरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे, आणि त्या विम्याचा हप्ता सभासदांमध्ये फ्लॅटच्या बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात वाटला जातो. देखभाल खर्चाच्या बिलातील अनेक बाबी सर्वांना समान असतात, परंतु मोठ्या फ्लॅटला विम्याचा वाटा अधिक येतो तो याच नियमामुळे, आणि त्यावरून वार्षिक सभेत होणारे वाद उपविधी उघडून पाहिल्यास लवकर मिटतात. १९७० च्या कायद्यात व्यवस्था थोडी निराळी आहे. घोषणापत्रात किंवा उपविधींत तशी तरतूद असेल, बहुसंख्य मालकांनी तशी मागणी केली असेल, किंवा अपार्टमेंटवर पहिला बोजा असलेल्या बँकेने ते मागितले असेल, तर व्यवस्थापक मंडळाने इमारतीचा विमा काढायचा असतो. ती पॉलिसी मंडळाच्या नावाने, पण सर्व मालकांसाठी विश्वस्त या नात्याने घेतली जाते आणि तिचा हप्ता सामाईक खर्चात धरला जातो. स्वतःच्या अपार्टमेंटचा स्वतंत्र विमा घेण्याचा प्रत्येक मालकाचा हक्क मात्र याच कायद्याने अबाधित ठेवला आहे. या कायद्यातील आणखी एक तरतूद अपार्टमेंटधारकांनी लक्षात ठेवावी: इमारतीचे नुकसान झाल्यानंतर ती दुरुस्त करायची किंवा पुन्हा बांधायची, असा निर्णय मालकांच्या संघटनेने ६० दिवसांत घेतला नाही, तर सगळी मिळकत सर्व मालकांच्या सामाईक मालकीची मानली जाते आणि कोणीही मालक वाटणीचा दावा लावू शकतो. मोठ्या दुर्घटनेनंतर माणसे विखुरलेली असतात आणि ६० दिवस फार लवकर सरतात.

सोसायटीची पॉलिसी मागून घ्यावी आणि वाचावी

सचिवांकडे लेखी अर्ज करून चालू पॉलिसीची प्रत मागावी. फक्त हप्त्याची पावती किंवा पहिले पान पुरेसे नसते. अनुसूची आणि सोबतची कलमेही हवीत. ही प्रत हाती आल्यावर पहिली नजर मुदत संपण्याच्या तारखेवर जावी. व्यवस्थापक समिती बदलते, जुने खजिनदार कागदपत्रांची फाइल सुपूर्द करतात, नवे पदाधिकारी बँकेतील सह्या बदलण्याच्या गडबडीत असतात आणि नूतनीकरण राहून जाते. हप्ता कंपनीच्या हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याचे मूलभूत तत्त्व आहे, त्यामुळे मधल्या काळात काही घडले तर "आम्ही इतकी वर्षे न चुकता भरत आलो" या सांगण्याला काहीच किंमत उरत नाही. ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात पॉलिसीची मुदत आणि विमा रक्कम छापण्याचा ठराव एकदा करून घेतला, तर हा प्रश्न कायमचा सुटतो.

त्यानंतर पॉलिसीत कशाचा समावेश आहे ते पाहावे. इमारतीच्या मुख्य ढाच्याबरोबर कुंपणभिंत, पाण्याच्या टाक्या, पंपघर, वाहनतळ, गच्चीवरील सौर संच, जनित्र आणि लिफ्ट यांचा उल्लेख आहे की नाही, हे नावानिशी तपासावे. लिफ्ट किंवा पंप आगीत जळाला तर इमारतीच्या विम्यातून भरपाई मिळू शकते. तो नुसता बिघडला तर मिळत नाही, कारण यंत्रातील बिघाडासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. सोसायटीच्या आवारात एखाद्या पाहुण्याला इजा झाली, तर त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा लागतो. सोसायटीने थेट नोकरीवर ठेवलेला पहारेकरी किंवा सफाई कामगार कामावर असताना जखमी झाला, तर कर्मचारी भरपाईची कायदेशीर जबाबदारी सोसायटीवर येते, आणि तिचाही स्वतंत्र विमा मिळतो. या जोड-संरक्षणांचा हप्ता इमारतीच्या मूळ विम्याच्या मानाने फारसा नसतो. माझ्या मते सार्वजनिक दायित्व आणि कर्मचारी भरपाई ही दोन्ही कोणत्याही सोसायटीने टाळू नयेत, कारण कोर्टाने भरपाईचा आदेश दिला तर ती रक्कम शेवटी सगळ्या सभासदांच्या खिशातूनच जाते.

अग्निसुरक्षेची कागदपत्रे हा याच विषयाचा भाग आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे "नमुना ब", दरवर्षी जानेवारी आणि जुलै या महिन्यांत सादर करायचे असते. आगीच्या दाव्यात सर्व्हेअर, म्हणजे नुकसान पाहून त्याचा अंदाज घेणारा तज्ज्ञ, यंत्रणेच्या देखभालीविषयी प्रश्न विचारतो. जिन्यातील हायड्रंटची नळी कापून नेलेली आहे आणि प्रमाणपत्र जुने आहे, अशा इमारतीच्या समितीला तेव्हा उत्तर देणे कठीण जाते.

विमा रक्कम: बाजारभाव नव्हे, बांधकामाचा खर्च

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. दीड कोटी रुपयांच्या फ्लॅटचा विमा दीड कोटीचाच हवा, असे पुष्कळांना वाटते आणि त्या हिशेबाने येणाऱ्या हप्त्याच्या धसक्याने ते विमाच काढत नाहीत. वास्तविक त्या दीड कोटीत जमिनीची, ठिकाणाची आणि विकसकाच्या नफ्याची किंमत मोठी असते, आणि आगीत किंवा भूकंपात जमीन नष्ट होत नाही. विमा उतरवायचा तो तसाच फ्लॅट आजच्या दराने पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. समजा, फ्लॅटचे चटईक्षेत्र ६५० चौरस फूट आहे आणि आपल्या भागात त्या दर्जाच्या बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये येतो. तर घराची विमा रक्कम १९,५०,००० रुपये होते. बांधकामाचा दर अंदाजाने ठरवू नये. इमारतीच्या संरचनात्मक तपासणीसाठी आलेल्या अभियंत्याला विचारावे, किंवा परिसरात नुकतेच काम केलेल्या वास्तुविशारदाकडून लेखी आकडा घ्यावा.

सोसायटीच्या पॉलिसीत हाच आकडा दहा-पंधरा वर्षांपूर्वी ठरवलेला आणि नंतर कोणीही न बदललेला आढळतो. सभेत हप्ता कमी ठेवण्याची मागणी होते, समितीही मान डोलावते आणि रक्कम तशीच पुढे चालू राहते. पॉलिसीत सरासरीचे कलम लागू असेल, तर त्याचा परिणाम किती होतो, ते पाहावे: इमारत पुन्हा बांधण्याचा खर्च १२ कोटी आहे आणि विमा ६ कोटींचाच आहे. एका मजल्यावर आग लागून ४० लाखांचे नुकसान झाले. विमा रक्कम ६ कोटी असल्याने ४० लाख सहज मिळतील, असे वाटते; पण इमारतीचा निम्माच विमा उतरवलेला असल्यामुळे कंपनी नुकसानीची निम्मी रक्कम, म्हणजे २० लाख रुपये देते आणि उरलेला निम्मा भार सभासदांवर पडतो. म्हणून आपल्या पॉलिसीत हे कलम आहे, शिथिल केलेले आहे की वगळलेले आहे, हे कंपनीकडून किंवा दलालाकडून लेखी विचारून घ्यावे.

आपली स्वतःची पॉलिसी: भारत गृह रक्षा

वैयक्तिक फ्लॅटमालकासाठी २०२१ पासून चित्र बरेच सोपे झाले आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी लागू केली आणि आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक केले. शब्दरचना सगळीकडे सारखी असल्यामुळे दोन कंपन्यांच्या मूळ संरक्षणाची तुलना करताना फसगत होण्याची भीती कमी झाली आहे. फरक उरतो तो हप्त्याचा, जोड-संरक्षणांचा आणि सेवेचा.

या पॉलिसीत आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे, भूस्खलन, जमीन खचणे, दंगल, दहशतवादी कृत्य, वाहन किंवा तत्सम वस्तू आदळणे, तसेच पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ फुटणे किंवा भरून वाहणे या कारणांनी झालेले नुकसान धरले जाते. यांपैकी एखादी घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत त्याच गडबडीचा फायदा घेऊन झालेली चोरीही त्यात येते. एरवीची घरफोडी मात्र यात नाही. ती हवी असेल तर जोड-संरक्षण किंवा गृहधारकांची एकत्रित पॉलिसी घ्यावी लागते. "गृह रक्षा" हे नाव ऐकून चोरीचा विमा आपोआप झाला, असे समजणारे बरेच आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगितले.

पॉलिसी फक्त घराच्या बांधकामाची, फक्त घरातील सामानाची किंवा दोन्हींची घेता येते. दोन्हींची घेतल्यास घराच्या विमा रकमेच्या २० टक्के इतके, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचे सामान वेगळी यादी न देता आपोआप धरले जाते. वरच्या उदाहरणात ही रक्कम ३,९०,००० रुपये होते. एकदा घरातून हिंडून फ्रिज, धुलाईयंत्र, दूरदर्शन संच, वातानुकूलक, पलंग, कपाटे, कपडे, भांडी आणि संगणक यांच्या आजच्या किमतींची बेरीज करावी. चार माणसांच्या घरात ही बेरीज ३,९०,००० च्या वर सहज जाते, आणि तसे असेल तर जास्तीची रक्कम जाहीर करून तेवढा हप्ता भरावा. दागिने, चांदीची भांडी आणि चित्रे यांच्यासाठी मान्य मूल्याच्या, म्हणजे आधीच ठरवून घेतलेल्या किमतीच्या, तत्त्वावर वेगळे ऐच्छिक संरक्षण आहे आणि त्याला मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागू शकते. रोख रक्कम, कोंदणात न बसवलेली रत्ने, रोखे आणि वाहने या पॉलिसीत येत नाहीत. तळमजल्याच्या वाहनतळात पाण्याखाली गेलेल्या गाडीचा दावा गाडीच्याच विम्यावर करावा लागतो.

भिंतीत कायम बसवलेले फर्निचर आणि फिटिंग्ज या पॉलिसीत घराच्या बांधकामात मोजल्या जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सोसायटीची पॉलिसी साधारणतः विकसकाने दिलेल्या स्थितीतील इमारत डोळ्यांसमोर ठेवून काढलेली असते. मॉड्युलर स्वयंपाकघर, खोट्या छतातील प्रकाशयोजना, संगमरवरी फरशी आणि न्हाणीघराचे नूतनीकरण हा सगळा खर्च आपण नंतर केलेला असतो. सोसायटीने इमारतीचा पूर्ण खर्चाइतका विमा उतरवला असेल, तर तेच बांधकाम पुन्हा संपूर्ण उतरवून दुप्पट भरपाई मिळत नाही, कारण विमा नुकसानीपुरताच असतो. अशा वेळी आपली पॉलिसी सामान आणि अंतर्गत सजावट यांच्या भोवती बेतावी. सोसायटीचा विमा नसेल, मुदतबाह्य असेल किंवा तुटपुंजा असेल, तर बांधकाम आणि सामान या दोन्हींचा पूर्ण विमा घ्यावा आणि सभेत प्रश्न लावून धरावा.

एका वर्षापेक्षा अधिक मुदतीची पॉलिसी घेतल्यास घराची विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, ही तरतूद उपयोगी आहे. चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर खरा सांगितला असेल, तर या पॉलिसीत कमी विम्याबद्दल कपात होत नाही. म्हणून क्षेत्रफळ करारनाम्यावरूनच लिहावे. घर राहण्यायोग्य उरले नाही, तर दुरुस्तीच्या काळातील पर्यायी घराचे भाडे, मालक स्वतः राहत नसल्यास बुडालेले भाडे, वास्तुविशारद व अभियंत्याची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, हेही मूळ पॉलिसीतच अंतर्भूत आहे.

गृहकर्ज चालू असेल तर पॉलिसीवर बँकेचे नाव नोंदवावे लागते. परंतु कर्ज देणाऱ्या बँकेच्याच भागीदार कंपनीकडून विमा घेण्याची सक्ती नाही, तो आपल्या पसंतीच्या कंपनीकडून घेऊन त्याची प्रत बँकेत द्यावी.

पाणी: सर्वाधिक वाद येथेच होतात

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्याच्या घरांत छातीएवढे पाणी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी येथे नदीचे पाणी वसाहतींत शिरले. असे पुराचे नुकसान विम्यात येते आणि त्याविषयी सहसा वाद होत नाही. वाद होतो तो गळतीवरून.

तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरात गिझरला जाणारा नळ रात्री फुटला आणि सकाळपर्यंत पाणी वाहून दुसऱ्या मजल्यावरील घराचे खोटे छत, कपाटाची दारे आणि गाद्या भिजल्या, असे समजा. नळ अचानक फुटणे ही विम्यातील घटना आहे. दुसऱ्या मजल्यावरील मालकाकडे स्वतःची पॉलिसी असेल, तर त्याने आपल्या कंपनीकडे दावा करावा. वरच्या शेजाऱ्याशी भांडून पैसे काढण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कंपनी भरपाई देईल आणि वरच्या मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध होत असेल, तर त्याच्याकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे जाऊ शकतो. वरच्या मालकाच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत त्याच्या स्वतःच्या घराचे नुकसान येते, खालच्याला द्यावी लागणारी भरपाई येत नाही. त्यासाठी त्रयस्थ दायित्वाचे जोड-संरक्षण लागते, आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता त्याच न्हाणीघरात नळ फुटलेला नाही. फरशीच्या सांध्यांतून सहा महिने पाणी झिरपत आहे आणि खालच्या छताला बुरशीचा पिवळा-काळा डाग धरला आहे, असे समजा. ही हळूहळू होणारी झीज आहे आणि तिची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही. येथे प्रश्न विम्याचा नसून उपविधींचा आहे. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटच्या आतील संडास, न्हाणी आणि मोरी यांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक नळांतून होणारी गळती आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्यावरील छताचे पडलेले प्लॅस्टर ही सोसायटीची जबाबदारी असते. ही वाटणी माहीत असेल, तर विमा कंपनीच्या मागे वर्षभर धावण्याऐवजी योग्य दारावर पहिल्याच दिवशी अर्ज देता येतो.

नव्या इमारतींच्या मालकांसाठी आणखी एक दार उघडे असते. सदोष रचना, निकृष्ट साहित्य आणि बांधकामातील चुका यांमुळे झालेले नुकसान, तसेच नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा विम्यातून वगळलेल्या आहेत. पण रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत असा दोष लक्षात आणून दिल्यास विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तो लेखी कळवावा आणि पोच घ्यावी.

वीजदाबातील बिघाडाविषयीही हेच तारतम्य ठेवावे. शॉर्टसर्किट होऊन वातानुकूलक स्वतःच जळाला, तर त्या यंत्राची भरपाई मूळ पॉलिसीत नाही. त्या आगीने पडदे, पलंग आणि भिंती जळाल्या, तर त्यांची आहे.

बंद घर, भाड्याचे घर, जुनी इमारत

परदेशी किंवा परगावी राहणाऱ्यांचे फ्लॅट महिनोन्महिने बंद असतात. घरफोडीच्या संरक्षणात सलग किती दिवस घर बंद असले तरी चालते, याची मर्यादा पुष्कळदा घातलेली असते. ती वाचून कंपनीला आधीच लेखी कळवावे आणि जाताना मुख्य नळ बंद करावा. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरात भाडेकरूचे सामान मालकाच्या पॉलिसीत येत नाही, हे भाडेकरूला करारावेळीच सांगावे, म्हणजे तो आपल्या सामानापुरती पॉलिसी घेऊ शकेल. घरात क्लासेस, कार्यालय किंवा मालाचा साठा सुरू केल्यास तेही कळवणे आवश्यक आहे; शिवाय एका फ्लॅटमधील मालामुळे सोसायटीचा हप्ता वाढला, तर तो जादा भार त्याच सभासदाने उचलायचा असतो.

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते. जीर्ण होऊन कोसळणे ही विम्यातील घटना नाही, त्यामुळे जुन्या इमारतीत या तपासणीला दुसरा पर्याय नाही. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करताना जुनी पॉलिसी पाडकामाला लागू होत नाही, हे ध्यानात घेऊन बांधकाम काळातील विम्याची अट विकसन करारातच घालून घ्यावी.

नुकसान झाल्यावर काय करावे

माणसे सुरक्षित झाल्यावर वीज आणि पाण्याचे मुख्य खटके बंद करावेत आणि त्याच दिवशी कंपनीला दूरध्वनीवर व ईमेलवर कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी किंवा दंगल असेल तर पोलिसांची प्रथम खबर, पूर असेल तर तलाठ्याचा किंवा महापालिकेचा पंचनामा मिळवावा. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत भरून द्यायचा असतो.

पाणी ओसरल्यावर घर स्वच्छ करण्याची घाई स्वाभाविक आहे, पण सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत खराब झालेली कोणतीही वस्तू टाकून देऊ नये. सर्व्हेअर येतो तेव्हा तो फुगलेल्या प्लायवूडच्या दाराची कड अंगठ्याने दाबून पाहतो, भिंतीवरील पाण्याची रेघ जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेप लावून मोजतो, फ्रिजच्या मागील पट्टीवरील मॉडेल क्रमांकाचे छायाचित्र घेतो. दार भंगारात गेले असेल आणि भिंत पुसून रंगवली असेल, तर त्याच्यापुढे ठेवायला फक्त आपला शब्द उरतो. घर राहण्याजोगे करण्यासाठी काही हलवणे अपरिहार्यच असेल, तर आधी तारीख दिसेल अशी छायाचित्रे आणि चित्रफीत काढावी, भिजलेल्या वस्तू गच्चीत किंवा वाहनतळात एका बाजूला ठेवाव्यात आणि तसे कंपनीला ईमेलने कळवावे. खरेदीच्या पावत्या नसतील तर बँकेचे उतारे, ऑनलाइन खरेदीच्या नोंदी, घरातील समारंभांची जुनी छायाचित्रेसुद्धा वस्तू होती याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. पॉलिसी, पावत्या आणि घराची वर्षातून एकदा काढलेली चित्रफीत ईमेलमध्ये साठवून ठेवावी, कारण कपाटातील कागद कपाटाबरोबरच भिजतात.

सामाईक भागाचे नुकसान असेल तर दावा सोसायटीनेच करायचा असतो आणि रक्कमही सोसायटीकडेच येते. एकट्या सभासदाला त्या पॉलिसीवर थेट दावा करता येत नाही. म्हणून अशा वेळी आपल्या घराच्या नुकसानीची यादी सचिवांना लेखी द्यावी आणि ती दाव्यात जोडली गेल्याची खात्री करावी.

विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवावा, अशी अपेक्षा आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि कपात केली असेल तर तिचे कारण कोणत्या कलमाखाली आहे, ते लेखी विचारावे. समाधान न झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याची प्रत नियामकाच्या "बिमा भरोसा" या संकेतस्थळावरही नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर वैयक्तिक पॉलिसीच्या वादात विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तेथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकील द्यावा लागत नाही. मात्र कंपनीने आपला तक्रार अर्ज फेटाळल्याचे उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास तो एक महिना संपल्यापासून, एका वर्षाच्या आत लोकपालाकडे तक्रार दाखल करावी लागते, म्हणून नकाराचे पत्र ज्या दिवशी हाती पडेल, ती तारीख त्याच पत्रावर लिहून सही करून ठेवावी.